स्प्रे कॅनच्या क्लिअरला साल का येते, आणि तो काचेसारखा कसा बसवायचा

तुम्ही लिहिलंय की आरशाची दोन कव्हरं आणि मागचा छोटा स्पॉयलर घरीच रंगवायला घेतला, सिल्व्हर मेटॅलिक बेस (म्हणजे रंगाचा थर) छान बसला, पण वरून क्लिअरचे, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक चमकदार थराचे, तीन हात मारल्यावर कव्हरांवर संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळगी आली, स्पॉयलरच्या एका टोकाला हात फिरवला की वाळू लागल्यासारखं खरखरीत लागतं, आणि खालच्या कडेला एक ओघळ आलाय. आता वरून अजून एक हात जाड मारला तर सगळं सारखं होईल का, हा तुमचा प्रश्न.

नाही होणार. खरखरीवर नवा हात मारला की खरखर तशीच वर उमटते आणि ओघळाच्या जागी दुसरा ओघळ येतो. पण वाया काहीच गेलेलं नाही, क्लिअर पूर्ण वाळू द्या, त्याला पेपर (सँडपेपर) मारून सपाट करा, आणि मग परत मारायचा का नुसतं पॉलिश करून भागतंय ते ठरवा. ते कसं करायचं ते शेवटी सांगतो. आधी हे झालं कशामुळे ते नीट समजून घ्या, नाहीतर पुढच्या डब्यालाही हेच होणार. मी बरीच वर्षं पार्ट रंगवतोय, स्प्रे गनने पण आणि स्प्रेच्या डब्याने पण, आणि डब्याने गनच्या जवळपास जाणारा फिनिश येतो हे मी अगदी खात्रीने सांगतो, फक्त डब्यात तुमच्या हातात ॲडजस्ट करायला काही नसतं त्यामुळे बाकीचं सगळं तुम्हालाच जुळवून आणावं लागतं.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. क्लिअर तुम्ही गुळगुळीत मारत नाही, क्लिअर स्वतःहून गुळगुळीत होतो. पार्टवर पडतात ते थेंब असतात, ते थेंब एकमेकांत मिसळून, पसरून सपाट व्हायला थोडाच वेळ मिळतो, साधारण पहिली काही मिनिटं, तेवढ्यात त्यातलं थिनर उडून जातं आणि जे जसं असेल तसं थिजतं. आता तुमचे तिन्ही दोष बघा. साल म्हणजे थेंब पडले पण शेजारच्यात पूर्ण मिसळायच्या आत घट्ट झाले. खरखर म्हणजे थेंब हवेतच अर्धे वाळून आले आणि धुळीसारखे चिकटले. ओघळ म्हणजे एकाच जागी इतकं ओलं झालं की ते सपाट व्हायचं सोडून खाली घसरलं. तिन्ही एकाच गोष्टीची रूपं आहेत, ओलेपणा कुठे कमी पडला आणि कुठे जास्त झाला एवढाच फरक. म्हणून तापमान, अंतर, हाताचा वेग, दोन हातांमधला वेळ हे सगळं ज्याच्यासाठी करायचं ते एकच, क्लिअरला पसरायला पुरेसा वेळ आणि पुरेसा ओलेपणा मिळावा.

सुरुवात डब्यापासून करतो कारण नव्वद टक्के लोक इथेच चुकतात आणि त्यांना कळतही नाही. डब्यात दाबाखाली द्रवरूप झालेला गॅस असतो. तुम्ही बटण दाबलं की आतला थोडा गॅस उकळून दाब टिकवतो, आणि उकळताना तो उष्णता डब्यातूनच घेतो, म्हणून सलग मारत राहिलात की डबा हाताला गार लागायला लागतो. गार झाला की दाब पडतो, दाब पडला की थेंब मोठे आणि विखुरलेले येतात, आतला क्लिअरही घट्ट झालेला असतो, आणि मग साल येणारच. उपाय सोपा आहे, मारायच्या आधी डबा कोमट पाण्याच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटं उभा ठेवा. कोमट म्हणजे हात घातला तर बरं वाटेल इतपत, ३५ ते ४० अंश, त्याच्या वर नाही. गॅसवर, हीटरपुढे, उकळत्या पाण्यात डबा कधीही धरू नका, त्यावर ५० अंशांचा इशारा छापलेला असतो तो उगाच नसतो, डबा फुटतो. बाहेर काढल्यावर नीट कोरडा पुसा, नाहीतर डब्याच्या बुडावरचा पाण्याचा एक थेंब ओल्या क्लिअरवर पडतो आणि मग डोक्याला हात लावून बसावं लागतं. मी तर दोन डबे घेतो, एक हातात आणि एक कोमट पाण्यात, आणि प्रत्येक हाताला अदलाबदल करतो. पार्ट मोठा असेल, म्हणजे स्पॉयलर किंवा बंपरचा तुकडा, तर हे करायलाच पाहिजे.

हलवायचं पण मनापासून. आतली गोळी सुटून खडखड ऐकू आली की तिथून पुढे दोन मिनिटं मोजायची, आणि प्रत्येक हाताच्या आधी परत अर्धा मिनिट. क्लिअर पारदर्शक असतो म्हणून लोकांना वाटतं यात हलवायचं काय, पण आतला रेझिन, म्हणजे वाळून थर बनणारा भाग, आणि गॅस एकजीव झाला नाही तर पहिले फवारे पातळ आणि शेवटचे घट्ट येतात.

हवा २० ते २५ अंश असेल तर सगळ्यात बरं. पार्ट पण त्याच तापमानाला आलेला पाहिजे, बाहेरच्या थंडीतून आत आणला आणि लगेच मारला असं नको, तो तासभर तिथेच राहू द्या. उन्हात कधी मारू नका. तापलेल्या पार्टवर वरचा थर लगेच धरतो आणि खालचं थिनर अडकतं, ते नंतर वर यायला बघतं आणि टाचणीच्या टोकाएवढे फोड करून ठेवतं. आणि दमट हवा ही वेगळीच डोकेदुखी आहे, थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि क्लिअर दुधाळ, धुरकट दिसायला लागतो. बाहेर पाऊस लागलेला असेल तर काम पुढे ढकला, खरंच. दुधाळ झालाच तर घाबरून पुसू नका, कधीकधी कोरड्या हवेत हळूहळू आपोआप जातो, नाही गेला तर वाळल्यावर हलका पेपर मारून कोरड्या दिवशी एक हात घ्या.

आता खालच्या कामाबद्दल. क्लिअर काही झाकत नाही, उलट खालचं सगळं मोठं करून दाखवतो. प्रायमरवर, म्हणजे बेसच्या खालच्या पकडीच्या थरावर, राहिलेला ओरखडा बेसखाली दिसत नाही कारण बेस मॅट असतो, पण क्लिअर पडला रे पडला की तो चमकून वर येतो. प्रायमर ओल्या पेपरने ६०० किंवा ८०० नंबरने घासून घ्या (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक), सिल्व्हर किंवा कुठलाही मेटॅलिक असेल तर ८००च, मेटॅलिकमध्ये खालचे ओरखडे फार लवकर दिसतात. घासताना मध्येमध्ये पाणी पुसून पार्ट तिरका धरून बघा, जिथे अजून चमकणारे ठिपके दिसतात ते खड्डे आहेत, तिथे पेपर पोचलेला नाही.

मग ग्रीस काढणं. ग्रीस रिमूव्हर लावलेला एक कपडा, आणि तो सुकायच्या आत पुसायला दुसरा कोरडा कपडा. एकाच कपड्याने केलं तर तेल फक्त इकडचं तिकडे होतं. हे आणि बाकीची सगळी पुसापुशी बेसच्या आधी, बेस मारल्यावर त्यावर थिनर किंवा ग्रीस रिमूव्हर लावायचा नाही, बेस उठून येईल. सिलिकॉनपासून तर लांबच राहा, डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे, टायर पॉलिश, काही वंगणाचे स्प्रे यांच्यात सिलिकॉन असतं आणि त्याचा कण पार्टवर बसला की क्लिअर त्या जागेवरून मागे सरकतो आणि गोल डोळे पडतात, मध्ये खड्डा आणि भोवती कडा. ज्या खोलीत रंगवायचंय तिथे त्या दिवशी असलं काही उडवायचं नाही. डोळे पडले तर वरून ओतून ते भरत नाहीत, थांबा, वाळू द्या, घासा, पुसा आणि परत मारा. आणि उघड्या हाताने पार्टला हात लावू नका, बोटाचं तेलही पुरेसं असतं, ग्लोव्हज घालूनच काम करा.

तुमची कव्हरं प्लॅस्टिकची आहेत तर आतल्या बाजूला कोरलेली अक्षरं बघा. एबीएस असेल तर नीट घासलेलं असलं की प्रायमर धरतो. पीपी किंवा पीपी अधिक ईपीडीएम असं असेल तर प्लॅस्टिकसाठीचा ॲडहेजन प्रमोटर, म्हणजे पकड वाढवणारा थर, आधी लागतोच, उघड्या प्लॅस्टिकवर, प्रायमरच्या खाली. तो नसेल तर आज कितीही सुंदर क्लिअर बसला तरी काही दिवसांनी दगड लागला की पापुद्रा निघतो, आणि सगळे म्हणतात क्लिअर खराब होता, खरं तर सगळ्यात खालच्या थराने हात सोडलेला असतो.

मेटॅलिक बेसला क्लिअरच्या आधी पेपर लावायचा नाही. त्यातले ॲल्युमिनियमचे बारीक तुकडे घासले गेले की तिथे काळसर डाग दिसतो आणि क्लिअरखाली तो कायमचा राहतो. बेसवर धूळ बसली असेल तर तेवढ्या जागी वाळल्यावर हलकेच काढा आणि त्यावर परत बेसचा एक हलका हात घ्या, मगच क्लिअर. बेस पूर्ण मॅट दिसायला लागला, कुठेही ओली चमक राहिली नाही, की साधारण अर्ध्या तासाने क्लिअर सुरू करता येतो, पण डब्यावर जो वेळ छापलाय तो पाळा. आणि फार उशीरही करू नका, एक दिवसाच्या आत मारला तर बेस आणि क्लिअर एकमेकांना धरतात, त्याच्यानंतर पकड कमी होते आणि मेटॅलिकला खरवडताही येत नाही त्यामुळे परत बेसचा हलका हात द्यावा लागतो. शेवटी टॅक क्लॉथ (धूळ उचलणारा किंचित चिकट कपडा) फिरवा, अगदी पिसासारखा, दाबून नाही, दाबला तर त्याचा चिकटपणा बेसवर राहतो.

आता हात. याच्यावर जरा जास्त बोलणार आहे कारण सगळं इथेच ठरतं.

आधी लाइटची सोय करा. डोक्यावरचा एकच बल्ब असेल तर तुम्ही आंधळ्यासारखं मारताय. एक ट्यूबलाइट अशी ठेवा की तिचं प्रतिबिंब तुम्ही उभे आहात तिथून पार्टवर दिसेल, म्हणजे तिरक्या कोनात, आणि मारताना फवाऱ्याकडे बघायचंच नाही, त्या प्रतिबिंबाकडे बघायचं. कोरड्या बेसवर ट्यूबलाइट नुसती पांढरट, अस्पष्ट पट्टी दिसते. डबा पुढे सरकला की मागे ती पट्टी आधी ठिपक्याठिपक्यांची होते, मग एका क्षणात ते ठिपके एकमेकांना मिळतात आणि ट्यूबची कड सरळ दिसायला लागते. तो क्षण म्हणजे बरोबर. तेवढं ओलं झालं की पुढे सरका. कड सरळ व्हायच्या आधीच पुढे गेलात तर साल, आणि ती झाल्यावरही तिथेच रेंगाळलात तर ती परत डुलायला लागते, म्हणजे क्लिअर हलतोय, ओघळ येणार. मी नव्या पोरांना शिकवताना एवढंच शिकवतो, बाकी अंतर न् वेग सगळं त्यातून आपोआप येतं.

तरी आकडे हवेत तर, २० ते २५ सेंटीमीटर अंतर, पंजा आणि अंगठा ताणला की जेवढं होतं तेवढं. ३५-४०वरून मारलं की थेंब हवेत वाळतात, तुमच्या स्पॉयलरच्या टोकाला नेमकं हेच झालंय, हात टोकाकडे जाताना मनगट वळलं आणि डबा लांब गेला, फवारा तिरका पडला. हात खांद्यातून हलवायचा, मनगटातून नाही, डबा पूर्ण लांबीभर पार्टशी काटकोनात राहिला पाहिजे. लांब पार्ट असेल तर पाय पण हलवा, एका जागी उभं राहून तीन फूट लांब पट्टा सरळ मारणं जमत नाही. बटण पार्टच्या बाहेर दाबायचं, मग पार्टवर यायचं, आणि पार्ट संपल्यावर बाहेर सोडायचं, कारण दाबताना आणि सोडताना डबा थुंकतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. आधीच्या पट्ट्याची कड ओली असतानाच पुढचा आला पाहिजे, म्हणून लहान पार्टवर मध्ये थांबून बघत बसू नका, एक हात सुरू केला की पूर्ण करूनच श्वास घ्या. डब्याला लावायचं पिस्तुलासारखं हँडल मिळतं ते नक्की घ्या, बोट दुखलं की दाब कमीजास्त होतो आणि फवारा बदलतो, आणि हँडल लावलं की बोट चुकून फवाऱ्यात येत नाही.

आरशाच्या कव्हराचं उदाहरण घेऊ. आतून लाकडी पट्टीला किंवा उलट्या डब्याला टेपने घट्ट बसवा, असं की कव्हराला हात न लावता ते फिरवता येईल आणि कडा मोकळ्या राहतील. आधी कडा आणि आत वळलेला भाग, मग मुख्य पृष्ठभाग. उलटं केलंत तर कडा मारताना उडालेला कोरडा फवारा तुमच्या छान ओल्या पृष्ठभागावर येऊन बसतो. कव्हर गोलसर असतं म्हणून तुमच्यासमोर असलेला भागच काटकोनात असतो, बाकीचा तिरका, त्यामुळे सरळ पट्टा मारण्याऐवजी पट्टी हळूहळू फिरवत जा आणि डबा त्या वळणाबरोबर न्या. सगळ्यात फुगलेल्या भागावर क्लिअर कमी थांबतो आणि खालच्या कडेला गोळा होतो, म्हणून खालच्या कडेवर जरा जलद जा. शक्य असेल तेव्हा मोठी बाजू आडवी, वरच्या दिशेला तोंड करून ठेवा, आडव्यावर ओघळायला जागाच नसते आणि तुम्हाला थोडं जास्त ओलं मारायची मुभा मिळते. आडव्यावर धूळ जास्त बसते हे खरं, पण धुळीचा कण पेपरने निघतो, ओघळ काढायला खूप जास्त कष्ट पडतात.

हात किती? पहिला हात हलका, नुसता चिकट व्हावा इतका, त्याने पुढच्या ओल्या हाताला धरायला जागा होते. तो चमकदार दिसणार नाही आणि दिसायलाही नको. मग दोन किंवा तीन पूर्ण ओले हात. सगळेच हात हलके मारत राहणं ही सावध माणसाची चूक असते, ओघळ येईल म्हणून घाबरून पाच-सहा कोरडे हात मारतात, सालीवर साल चढते. शेवटचा हात सगळ्यात ओला आणि त्याच्यासाठी भरलेला डबा राखून ठेवायचा, डब्यातला शेवटचा थोडा भाग थुंकत येतो तो पहिल्या हातांना वापरा. आणि प्रत्येक हातानंतर नोझलचं तोंड कापडाने पुसा, तिथे साचलेला थेंब नेमका शेवटच्या हातात पार्टवर उडतो.

दोन हातांत ५ ते १० मिनिटं, डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. मी शेजारच्या मास्किंग टेपवर पडलेल्या क्लिअरला ग्लोव्हजच्या बोटाने टेकवून बघतो, तार निघाली तर थांबतो, चिकटतो पण तार निघत नाही अशा वेळी पुढचा हात. पार्टवर कधीच बोट लावू नका. काही एनॅमल प्रकारच्या क्लिअरवर लिहिलेलं असतं की एका तासाच्या आत मारा नाहीतर एक-दोन दिवसांनीच मारा, ते अगदी तंतोतंत पाळा. मधल्या वेळात खालचा थर अर्धा कच्चा असतो, नव्या हातातलं थिनर त्यात शिरतं आणि सगळं सुरकुतून वर येतं, आणि सुरकुतलं की ते खरवडून काढण्यावाचून मार्ग नसतो.

तुम्ही कुठला क्लिअर वापरलाय ते लिहिलेलं नाही, पण साधा असेल असं धरून चालतो. साधा म्हणजे १के, तो फक्त थिनर उडून वाळतो, म्हणून थिनर किंवा पेट्रोल लागलं की परत विरघळतो. मी सुरुवातीच्या काळात एका गाडीच्या पेट्रोल टाकीच्या बाहेरच्या झाकणावर साध्या डब्याने फार सुंदर फिनिश आणला होता, मला त्याचा अभिमानही होता, आणि पहिल्यांदा पेट्रोल भरताना चार थेंब उडाले तर त्या जागी क्लिअर मऊ पडला, पुसायला गेल्यावर खालच्या रंगासकट घासला गेला. त्या झाकणाचं काम मी परत फुकट करून दिलं आणि तेव्हापासून पेट्रोल, ब्रेक ऑइल, चाकं, इंजिनजवळचं काही असेल तर २केच. २केच्या डब्यात आत हार्डनरची, म्हणजे क्लिअर घट्ट करणाऱ्या रसायनाची, वेगळी कुपी असते, बुडाशी असलेली पिन दाबून ती फोडायची, मग दोन-तीन मिनिटं हलवायचं आणि मारायला घ्यायचं. तो रासायनिक क्रियेने घट्ट होतो, जास्त जाड बसतो, पसरायला जास्त वेळ देतो, त्यामुळे साल कमी येते आणि चमक कितीतरी खोल येते. फक्त एकदा फोडला की सहसा एक-दोन दिवसात संपवावा लागतो, नंतर आतच थिजतो, म्हणून सगळे पार्ट तयार करून एकत्रच मारायला घ्या.

पण २केबद्दल एक गोष्ट कुठलीही सूट न देता सांगतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासातून गेलं तर दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे थोडासा वासही झेपत नाही. त्याला स्वतःचा असा वास नसतो की कळून तुम्ही बाजूला व्हाल. धुळीचा कापडी मास्क अजिबात उपयोगाचा नाही. व्यावसायिक जागेत बाहेरून ताजी हवा देणारा मास्क घालतात तो यासाठीच. तेवढी सोय, डोळ्यांना पूर्ण बंद गॉगल, हातात नायट्राइल ग्लोव्हज, अंग झाकलेलं आणि भरपूर हवा खेळणारी जागा हे जमणार नसेल तर २के घरी मारू नका, एखाद्या रंगवणाऱ्याकडून फक्त क्लिअर मारून घ्या. १केलाही ऑरगॅनिक व्हेपरची, म्हणजे थिनरची वाफ अडवणारी, ताजी कार्ट्रिज असलेला मास्क लागतोच. आणि कुठल्याही डब्यातला गॅस पेट घेतो, जवळ गॅसची शेगडी, गीझरची पायलट ज्योत, चालू हीटर, सिगरेट काही नको. पोरंबाळं, कुत्री-मांजरं त्या खोलीपासून लांब.

मारून झालं की जागा सोडा. तिथे उभं राहून बघत राहिलात की तुमच्याच कपड्यांची धूळ त्यावर बसते. आधी फरशीवर पाणी शिंपडून ठेवलं असेल तर खालची धूळ उठत नाही, थोडंसंच, ओल होईल इतकं नको. एखादा केस किंवा किडा बसलाच तर ओल्यात काढायला जाऊ नका, फारतर चिमट्याने अगदी सरळ वर उचला, जमत नसेल तर सोडून द्या, तो नंतर पेपरने जातो.

आता पेपर आणि पॉलिश. डब्यातून आलेला चांगला क्लिअरसुद्धा थोडी साल घेऊन येतो, कारखान्यातून आलेल्या गाडीलाही ती असते, कधी शोरूममधल्या गाडीच्या दारावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा, कडा जरा डुलताना दिसतील. त्यामुळे आरसा हवाच असेल तर तो पेपरनेच येतो. २के असेल तर कमीत कमी एक पूर्ण दिवस, १के असेल तर आठवडाभर थांबा, नखाने कुठल्यातरी न दिसणाऱ्या जागी दाबून बघा, खूण पडली तर अजून थांबा. कच्च्यावर पेपर मारला की पेपर भरतो, गोळे होतात आणि तेच ओरखडे ओढतात, शिवाय घासून सपाट केलेला क्लिअर नंतर आक्रसतो आणि खालचे ओरखडे परत वर येतात.

२००० नंबरचा वॉटर पेपर, बादलीत दोन-चार थेंब लिक्विड साबण, पेपर दहा मिनिटं भिजवून घेतलेला, आणि सपाट भागावर मऊ रबरी ब्लॉक. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या रेघा पडतात. साल जास्त असेल तर १५००ने सुरुवात, पण डब्याच्या क्लिअरवर १०००पर्यंत जाऊ नका. एक दिशा धरून घासा, पुसा, बघा. सालीची उंची घासली गेली की ती मॅट होते आणि खळग्यात चमक राहते, म्हणजे पार्ट मॅट आणि बारीक चमकदार ठिपक्यांचा दिसतो. ते ठिपके जवळजवळ संपले की थांबायचं. प्रत्येक शेवटच्या ठिपक्याच्या मागे लागू नका, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि कारखान्यातला क्लिअर जेमतेम ४०-५०, डब्याचे तीन हात त्याच्याहून फार वेगळे नसतात, म्हणजे तुमच्याकडे घासायला केसाच्या जाडीपेक्षाही कमी माल आहे. पाण्यात पांढरट दूध दिसतंय तोपर्यंत ठीक, त्यात रंग उतरायला लागला की तुम्ही बेसवर पोचलात. मेटॅलिकवर मग परत बेसपासून.

कडांना १५०० किंवा २०००चा पेपर लावायचाच नाही. कडेवर क्लिअर सगळ्यात पातळ असतो कारण ओला असताना तो तिथून आत सरकतो. मी घासायच्या आधी सगळ्या कडा आणि उठावदार रेषांवर मास्किंग टेपची बारीक पट्टी लावून घेतो, घासताना ती वाचवते, शेवटी टेप काढून त्या जागी फक्त ३००० आणि पॉलिश. १५००नंतर २०००, मग ३०००, प्रत्येक वेळी आधीच्या पेपरच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही, दिशा काटकोनात बदलली की कुठल्या रेघा राहिल्यात ते लगेच दिसतं. मग रबिंग कंपाउंड (पेपरच्या रेघा काढायची पेस्ट) आणि शेवटी बारीक पॉलिश. हाताने होतं, वेळ लागतो. मशीन असेल तर वेग कमी ठेवा आणि एका जागी धरू नका, १के तर उष्णतेने मऊ पडतो आणि पॅडला चिकटून ओढला जातो.

तर तुमच्या पार्टचं असं करा. क्लिअर १के असेल तर पूर्ण आठवडा जाऊ द्या. ओघळ आधी एकटा काढा, त्याच्या दोन्ही बाजूंना अगदी चिकटून टेप लावा म्हणजे शेजारचा भाग वाचेल, मग लहान ताठ ब्लॉकवर १००० किंवा १५००चा तुकडा गुंडाळून फक्त त्या उंचवट्यावर फिरवा, टेपपर्यंत खाली आला की टेप काढून २०००ने आजूबाजूला मिळवा. १०००ला जाऊ नका म्हणालो होतो त्याला ओघळ हा एकच अपवाद, कारण तिथे माल भरपूर असतो. कव्हरांवरची साल मला २०००ने जाईल असं वाटतं, तीन हात आहेत, सगळी नाही गेली तरी नव्वद टक्के जाईल आणि पॉलिशनंतर डोळ्याला जाणवणार नाही. स्पॉयलरच्या टोकाला मात्र नुसतं पॉलिश करून भागणार नाही, तिथे क्लिअर बसलेलाच कमी आहे. खरखर १५००ने हलकेच उतरवा, पूर्ण स्पॉयलर २०००ऐवजी १५००ने एकसारखा मॅट करा, कडा ग्रे स्कॉच पॅडने (घासायचं जाळीदार पॅड), धुवा, वाळवा, ग्रीस रिमूव्हरने दोन कपड्यांत पुसा, आणि कोमट डब्याने एक हलका आणि दोन ओले हात पूर्ण स्पॉयलरवर घ्या, फक्त टोकावर नाही. अर्ध्या पार्टवर क्लिअर संपवला की जुन्या-नव्याची रेघ कधीच नीट मिटत नाही. त्याआधी एका जुन्या प्लॅस्टिकच्या डब्यावर त्याच लाइटमध्ये, त्याच अंतरावरून दोन-तीन पट्टे मारून बघा, प्रतिबिंबाची कड कुठे सरळ होते ते एकदा डोळ्यांना कळू द्या.

झाल्यावर महिनाभर त्यावर वॅक्स किंवा सीलंट लावू नका, आतलं उरलेलं थिनर बाहेर पडायचं असतं. धुवायला साधं पाणी आणि मऊ कपडा, आणि कव्हरं गाडीवर बसवताना क्लिपच्या जागी आतून आधी थोडा रंग खरवडून घ्या, जाड थर असेल तर क्लिप घट्ट बसते आणि दाबताना कडेचा क्लिअर चिरतो.